परसातल्या कोंबड्या: पिल्लं नकोत, वाढवलेल्या तलंगा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंडी महागली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडे कुणा ना कुणाला परसात कोंबड्या पाळायची लहर येतेच, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, जात कुठली घेऊ? हल्ली तर यूट्यूब बघून सगळे थेट कडकनाथच मागतात. अहो, कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये जीआय टॅगपण (भौगोलिक मानांकन) मिळाला त्याला, पण त्याचं नाव काळ्या मांसासाठी आहे, अंडी वर्षाला शंभरच्या आतच. आपली गावठी तर ५०-६० वर थांबते, कारण पंधरा-वीस अंडी दिली की खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसते.

अंडीच हवी असतील तर माझं मत ग्रामप्रियाला. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झालेली, साधारण साडेपाच महिन्यांत अंड्यावर येते आणि नीट सांभाळली तर वर्षाला २०० च्या आसपास तपकिरी अंडी देते. वनराजापण तिथलीच, पण ती अंगाने भारी, अंडी ११० च्या आसपास आणि खाणं जास्त झालं की चरबी धरते आणि अंडी अजून कमी. आमची आई तिला सारखा भात टाकायची, मग काय होणार! ग्रामप्रिया हलकी असल्यामुळे घार दिसली की पळतेही पटकन. मुंगसापुढे मात्र कुठलीच जात टिकत नाही, आणि रात्री खुराडं घट्ट बंद पाहिजे म्हणजे पाहिजे.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, ग्रामप्रिया खुडूक होत नाही. म्हणजे पिल्लं काढायची तर एखादी गावठी कोंबडी जोडीला ठेवून तिच्याखाली अंडी बसवायची, आणि त्यातून निघालेली पिल्लं आईइतकी अंडी देतीलच असं नाही कारण ती संकरित जात आहे. नुसती खायला अंडी हवी असतील तर कोंबडापण लागत नाही, हे अजून कित्येकांना खरं वाटत नाही.

कोंबड्यावरून आठवलं. मी स्वतः फेब्रुवारीत दारावर टेम्पो घेऊन आलेल्या एका माणसाकडून "गिरिराज जात आहे, सगळ्या माद्या" म्हणून दहा पिल्लं घेतली. पावसाळ्याच्या तोंडावर बघतो तर सहा कोंबडे! पहाटे चार वाजता सहाजण आरवायला लागले की शेजारी काय म्हणतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि विकायला काढले तेव्हा नेमका श्रावण लागलेला, घेणार कोण? उरलेल्या चारांतल्या दोन मानमोडीच्या (राणीखेत) रोगाने गेल्या कारण लस टोचलीच नव्हती. चूक माझीपण आहे, पण लसीची बाटली निदान शंभर पक्ष्यांची येते, एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते, दहा कोंबड्यांवाल्याने ती आणून काय करायचं?

राहिलेल्या दोघी मात्र झकास आहेत. सुरुवातीला अंड्याचं कवच पातळ यायचं, तर बायकोने आम्ही खातो त्या तिसऱ्यांची शिंपलं वाळवून कुटून द्यायला सुरुवात केली, आता कवच टणक. शिंपलं आपल्याकडे कचऱ्यातच जातात नाहीतरी.

तर पशुसंवर्धन खात्याला एवढीच विनंती, परसातल्या लोकांना एक दिवसाची पिल्लं देऊ नका, दीड-दोन महिन्यांच्या, लस दिलेल्या, नर-मादी ओळखता येतील अशा तलंगा पंचायतीत एक दिवस ठरवून द्या. पैसे जास्त पडले तरी लोक घेतील. आणि त्याच दिवशी गावातल्या बाकीच्या कोंबड्यांनापण लस देऊन टाकली तर ती शंभरची बाटलीपण वाया जाणार नाही.

आपला,
एक वाचक, डिचोली