चार चतुर्थ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातले आईबाप पोरांना लहानपणी घराबाहेर पाठवायला कचरतात, म्हणून इथली मुलं ऑलिंपिकपर्यंत पोचत नाहीत, असं एका वाचकाने आपल्या सदरात लिहिलं आहे. मी पाठवली होती, अकराव्या वर्षी. म्हणून हे पत्र.

मी देवगड तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. ओहोटीला कुणकेश्वरच्या ओल्या वाळूवर मुलगी अनवाणी धावायची आणि मी तिच्या चपला घेऊन काठावर बसायचे. शालेय स्पर्धेत पहिली आली, तेव्हा घाटावरच्या एका खासगी निवासी केंद्राने तिला निवडलं. गावात सत्कार झाला. नको म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.

चार चतुर्थ्या ती घरी नव्हती. मुंबईहून दीर-जावा येतात, रेल्वेत उभ्याने येतात, वर्षभर बंद असलेली घरं उघडतात. आरतीला ओटीवर पाय ठेवायला जागा नसते. आणि स्पर्धा जवळ आली म्हणून आमचं पोर तेवढं तिकडे. पहिल्या वर्षी फोनवरून तिला आरती ऐकवली, तर तिने मध्येच फोन ठेवला. पुढच्या वर्षी आधीच म्हणाली, लावू नको.

पंधराव्या वर्षी नडगी दुखायला लागली. सरावाने दुखतं, असं तिथे सांगितलं. घरी आणून दाखवली तर हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न पाळीचा विचारला. सात महिने आली नव्हती. तिथल्या मुलींना ते बरंच वाटायचं, अंग हलकं राहतं म्हणून. कष्टाच्या मानाने पोटात अन्न कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं ठिसूळ होत जातात, हे डॉक्टरांनी समजावलं. गावातल्या पोरांची वजनं दर महिन्याला मी घेते, एखाद्याचं अर्धा किलो घटलं तरी त्याच्या घरी जाऊन बसते. माझ्या मुलीचं वजन किती आहे, हे मला चार वर्षांत कुणी कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. हे मला अजून झोपू देत नाही.

लोक स्वप्नील कुसाळेचं नाव घेतात. पॅरिसला २०२४ मध्ये त्याने नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा आम्हीही टीव्हीसमोर रडलो. पण तो राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत २००९ साली गेला, चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि पदक आलं पंधरा वर्षांनी. मग अकराव्या वर्षी एवढी घाई कसली? फिगर स्केटिंगच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये मोठ्यांच्या स्पर्धेचं किमान वय १५ वरून १७ करायचं ठरवलं, ते मुलांच्या शरीरमनाकडे बघूनच.

पदक मिळालं असतं तर हे सगळं वसूल झालं असतं का, असं मला विचारतात. नसतं झालं. माझी मुलगी अकराची पंधरा झाली, ते मी पाहिलेलं नाही.

आता ती कॉलेजात आहे. परवा तिला विचारलं, तर म्हणाली, "धावाक आवडता आये, थंय रवाक नाय." खेळ वाईट असं मी म्हणतच नाही. प्रत्येक तालुक्याला एक बरं मैदान आणि पगारी प्रशिक्षक द्या, म्हणजे पोर रात्री घरी जेवून झोपेल.

तोवर ज्यांना पाठवायचंच आहे, त्यांनी आधी केंद्रात विचारावं: मुलांच्या ताटात काय असतं? वजनाची आणि मुलींच्या पाळीची नोंद कोण ठेवतं, आणि ती घरी कळवतात का? चतुर्थीला सुटी देता का? नाही म्हणाले, तर तिथूनच पोराला घेऊन परत या.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग