तगडे फलंदाज, लांबलचक करार

संपादक महोदय,

अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडूंची हिवाळी खरेदी सुरू झाली की पैशाला धरबंद राहत नाही. न्यू यॉर्क मेट्स या संघाने डिसेंबर 2024 मध्ये फलंदाज हुआन सोतोला 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलर कबूल केले. त्याने 2025 मध्ये 43 होम रन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) ठोकून आपले काम चोख बजावले. तरी मेट्स प्लेऑफला मुकलेच.

मला धास्ती वाटते ती कराराच्या शेवटच्या वर्षांची. एंजल्स संघाने 2011 च्या अखेरीस फलंदाज अल्बर्ट पुहोल्सला 10 वर्षांसाठी 24 कोटी डॉलर मोजून आणले, तेव्हा तो 31 वर्षांचा होता. आधीच्या सेंट लुइस संघात बहुतेक हंगामांत .300 च्या (म्हणजे दहा संधींत तीन यशस्वी फटक्यांच्या) वर राहिलेली त्याची फलंदाजीची सरासरी इथे एकदाही तिथवर पोहोचली नाही. करार संपायच्या आतच, मे 2021 मध्ये, त्याला मोकळे केले. लाखाचे बारा हजार, दुसरे काय!

यात हिशेबही आहे म्हणा. करार लांबवला की वार्षिक सरासरी रक्कम घटते आणि संघाला जादा खर्चावरचा कर कमी बसतो. पण देणे काही चुकत नाही. जुना खेळाडू बॉबी बोनिया याला हेच मेट्स जुन्या करारापोटी 2011 पासून दर 1 जुलैला सुमारे 12 लाख डॉलर देतात, ते थेट 2035 पर्यंत. गडी त्यांच्याकडून शेवटचा खेळला 1999 मध्ये!

वर्षाला हवे तर जास्त द्या, पण पाच-सहा वर्षांपुरतेच बांधून घ्या. उरलेल्या पैशात दोन चांगले पिचर (चेंडू टाकणारे) येतील.

– एक वाचक, न्यू जर्सी