हायमास्टला झाकण हवे

मा. संपादक,
स. न.

गावोगावच्या चौकांत हायमास्ट दिवे लागत आहेत आणि लोकार्पणाचे फोटो आपल्या अंकात नेमाने येतात. उजेडाला माझा विरोध नाही. पावसाळ्यात साप-विंचवाच्या भीतीने बॅटरी घेऊन निघणाऱ्याला दिव्याची किंमत सांगावी लागत नाही. पण यातले बरेच दिवे रस्त्याइतकाच उजेड आडवा नि वर फेकतात आणि आमच्या गावचे आकाश त्यात पार पुसले गेले आहे.

उन्हाळ्यात आम्ही अजून अंगणात, गच्चीवर झोपतो. सप्तर्षीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर आजीने असेच पडल्या पडल्या दाखवले होते. मध्यरात्रीनंतर आकाशगंगा वर यायची. आताची पोरे बाजेवर टेकताच मोबाइल उघडतात. त्यांना काय बोलणार? वर बघण्यासारखे आपणच ठेवले नाही.

अफाट काही पाहून माणूस थक्क होतो, त्याचा मनावर काय परिणाम होतो, यावर मानसशास्त्रज्ञ बरेच काम करत आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही विद्यार्थ्यांना मिनिटभर उंच निलगिरीची झाडे पाहायला लावली, काहींना शेजारची इमारत. मग समोरच्याच्या हातून पेने सांडली, तेव्हा झाडे पाहणाऱ्यांनी जास्त पेने उचलून दिली. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात वयस्कर मंडळी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे फिरली. भोवतालचे नवल पाहत चालणाऱ्यांच्या मनाची तगमग कमी झाली. गंमत म्हणजे त्यांच्या सेल्फीत त्यांची स्वतःची छबी हळूहळू लहान होत गेली आणि मागचा देखावा वाढत गेला! स्वतःचा पसारा आटोपला की काळजीही थोडी आवरते, असे मला वाटते.

आकाश पाहून कपाशीचा भाव वाढणार नाही की बँकेचा हप्ता टळणार नाही, हे कळते. तरी ज्या आकाशातून आलेल्या अशनीने आमच्या शेजारी लोणारला सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर पाडले, ते आकाश इथल्याच पोरांना दिसू नये?

१ मेच्या ग्रामसभांत एवढा ठराव व्हावा: दिव्यांना वरून झाकण, तोंड खाली आणि रात्री अकरानंतर हायमास्टचे निम्मे दिवे बंद, गल्लीतले राहू द्यावेत. पथदिव्यांचे वीजबिल थकवून बसलेल्या ग्रामपंचायतींना तरी हे पटायला हरकत नसावी.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
ता. मेहकर, जि. बुलढाणा