दशमीची भरती

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते विचारत नाही. हरिहरेश्वरला जाऊ नकोस असं मी म्हटलेलंच नव्हतं. प्रोजेक्ट आहे, जायलाच हवं. प्रदक्षिणेच्या वाटेनं पहाटे एकटी खाली उतरणार म्हणालीस, तिथे माझा जीव अडकला. असो, तो विषय आता काढत नाही.

लहानपणी आपण गेलो होतो, तुला आठवत नसेल. देवळामागच्या पायऱ्या चढून पलीकडे कड्यांमधल्या अरुंद फटीतून खाली उतरलो, की एकदम समुद्र. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. कड्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं आहेत ना, त्यांत एकेक करून बोट घालत बसलीस आणि प्रत्येक भोकात कोण राहतं ते विचारत सुटलीस. बाबांनी ‘खेकडे’ म्हणून वेळ मारून नेली. नाना तेवढे पाण्यावर डोळा ठेवून उभे.

आणि परवा तूच मला सांगितलंस, खारं पाणी दगडात मुरतं, वाळलं की आत मिठाचे खडे वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा होतो. दगड म्हणजे तरी काय, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. शेजारच्या काकूंना मी हे सगळं बेसाल्टसकट ऐकवलं. त्यांची सून बँकेत मॅनेजर आहे, तरी गप्प झाल्या.

पण मनू, खालचा तो सपाट खडक लाटांनीच कापून काढलाय, हेही तुझंच वाक्य. मग लाट तिथवर येते, हे ओघानं आलंच की!

नानांचा हिशोब लक्षात आहे ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तू दशमीला पोचतेस. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे तुला फोटोला कोवळं ऊन हवं, नेमकं तेव्हाच पाणी भरलेलं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धर. दशमीला उधाण नसतं म्हणशील. नसतं, पण सगळ्या लाटा सारख्या नसतात. बराच वेळ शांत जातो आणि मग एखादी मोठी येते. तिथून माणसं ओढली गेल्याच्या बातम्या तूही वाचल्या आहेसच. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नकोस. हिरव्या खडकावर पाय देऊ नकोस, शेवाळ असतं. त्या गुळगुळीत चपला तर मुळीच नकोत. ॲप बघ, पण गावातल्या कोळ्यांनाही विचार, आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नकोस, तुला सवय आहे.

झालं माझं सुरू. रागावू नकोस. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला मान्य आहे.

पौर्णिमेपर्यंत थांबणार असशील तर तीच पहाट घे. त्या दिवशी भरती साडेअकरा-बाराला, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी पार खाली गेलेलं असेल. खुशाल उतर, हवे तेवढे दगड बघ. फक्त आठच्या आत वर ये. उधाणाचं पाणी चढायला लागलं की भराभर चढतं.

श्रीवर्धनला आत्याकडे एक दिवस जेवायला जा. २०२० च्या निसर्ग वादळात तिच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, तो विषय काढू नकोस, ती फार बोलत नाही. वेळ मिळाला तर बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेसवीला उतर आणि बाणकोटचा किल्ला बघून ये. नाना सावित्री ओलांडताना नेहमी एक हात पाण्यात सोडायचे. तू बोटीत नीट बस.

बाबांनी नवी टॉर्च आणली आहे. मी आणायला लावली असं ते सांगतील, तसं काही नाही.

तुझी,
आई

ता. क. पौर्णिमेनंतरही राहिलीस तर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. सोळा, सतरा करत जाऊ नकोस.