भाऊसाहेब, व्याज परत पाठवलंत त्याबद्दल आभार

आदरणीय भाऊसाहेब,

सप्रेम नमस्कार.

खरं तर तुम्हाला पत्र पाठवायचं म्हणजे जावक क्रमांक टाकून, स्थळप्रत फायलीला लावूनच पाठवायला हवं. पण हे मुद्दाम उघड लिहिते आहे. हल्ली ‘रूसा’चीच पुढची आवृत्ती असलेल्या पीएम-उषा योजनेत निवडलेल्या कॉलेजांना बळकटीकरणासाठी ५ कोटी रुपयांपर्यंत अनुदान मंजूर होतं. अशा कॉलेजांतले समन्वयक मला फोन करतात. तुमच्या ‘रूसा’च्या वेळी कसं निभावलंत, ऑडिटला आक्षेप कसा निघाला नाही, असं विचारतात. अहवालावर समन्वयक म्हणून माझं नाव छापलेलं आहे, त्यामुळे शाबासकीही मलाच मिळते. दर वेळी मी तुमचं नाव सांगते आणि पलीकडून ‘हो का, बरं’ एवढंच ऐकू येतं. कॉलेजच्या हेडक्लार्कने असं काय केलं असेल, हे लोकांच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून आता सविस्तर.

तुम्हाला हे पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगते. राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजे रूसा, २०१३ साली सुरू झालं. राज्यांच्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना केंद्राकडून पैसा मिळावा, पण तो राज्यामार्फत, राज्याने स्वतःचा वाटा घालून, अशी त्याची रचना. आपल्या राज्यासाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. पायाभूत सुविधांसाठी एका कॉलेजला २ कोटी. त्यातले ७० लाख नव्या बांधकामाला, ७० लाख जुन्याच्या नूतनीकरणाला आणि ६० लाख उपकरणांना. वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘२ कोटी मंजूर’ अशी. वाचणाऱ्याला वाटतं, कॉलेजला चेक आला. प्रत्यक्षात रक्कम हप्त्याहप्त्याने येते. केंद्राचा हिस्सा आधी राज्याच्या तिजोरीत, तिथून प्रकल्प संचालनालयाकडे आणि मग आपल्याकडे. आधीचा बराचसा पैसा खर्च होऊन त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पोचल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. कित्येक ठिकाणी अर्धी उभी राहिलेली इमारत पावसात भिजत पडते, त्याचं कारण पुष्कळदा सिमेंटमध्ये नसतं, या कागदात असतं.

त्याच्याही आधी पात्रतेची गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २(एफ) आणि १२(बी). दुसऱ्यात नाव असल्याशिवाय केंद्राच्या अनुदानाचं दार उघडत नाही. त्यात नाव असल्याचं आपल्या कॉलेजचं जुनं पत्र प्रस्तावाला जोडायचं होतं. ते तुम्ही अर्ध्या तासात समोर आणून ठेवलंत, पिवळं पडलेलं पण प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेलं. मागच्या पिढीतल्या कुणा हेडक्लार्कने ते जपून ठेवलं होतं आणि कपाटाची किल्ली देताना तुम्हाला दाखवलं होतं, असं तुम्ही म्हणालात. त्या अनोळखी गृहस्थांनाही माझा नमस्कार.

आता प्रयोगशाळा. आम्हाला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र, हवं होतं. एम.एस्सी.ची मुलं नमुने घेऊन दुसऱ्या संस्थांचे उंबरे झिजवत होती. मी उपकरणांच्या ६० लाखांत यंत्राची किंमत मांडली आणि यादी तुमच्याकडे दिली. तुम्ही ती वाचून चष्मा वर केलात आणि विचारलंत, “मॅडम, हे यंत्र कुठल्या टेबलावर ठेवणार? त्या खोलीतली वायरिंग कधीची?” मला वाटलं होतं, तुम्ही कोटेशनबद्दल विचाराल. तुम्ही विचारलं ते वायरिंगबद्दल, अर्थिंगबद्दल, छतातून कुठे गळतं त्याबद्दल. मग स्वतःच जोडणी लावून दिलीत: वायरिंग, ओटे, छताची गळती आणि फ्यूम हूडचं धुराडं नूतनीकरणाच्या ७० लाखांतून, यंत्र आणि त्याचा स्टॅबिलायझर उपकरणांतून, आणि खोलीचं काम पुरं झाल्याचा दाखला हातात आल्यावरच यंत्राची ऑर्डर. नाहीतर काय होतं ते मी इतर ठिकाणी पाहिलं आहे. यंत्र आधी येतं, खोली तयार नसते, खोकं पॅसेजमध्ये राहतं आणि ते उघडेपर्यंत हमीची मुदत सरत आलेली असते.

तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. “याचा दिवा किती दिवस टिकतो?” अतिनील भागासाठी ड्युटेरियमचा दिवा लागतो आणि तो काही काळाने बदलावाच लागतो, असं मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, या अनुदानातून यंत्रांची देखभाल-दुरुस्ती नाही, पगार नाही, रसायनं नाहीत; वारंवार होणारा खर्च यात बसतच नाही. मग पुढे दिवा गेला की तो आणायचा कुठून? आणि निविदेच्या तपशिलातच तीन वर्षांची हमी, जादा दिवे, नमुना भरायच्या कुप्यांचा (क्युव्हेटचा) संच आणि बसवून देऊन शिकवण्याची अट घालायला लावलीत. भाऊसाहेब, मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, पण यंत्र विकत घेणं आणि यंत्र चालतं ठेवणं यातलं अंतर मला त्या दुपारी तुमच्या टेबलापाशी नीट दिसलं. आज यंत्र चालू आहे. मुलं स्वतः बेसलाइन घेतात, स्वतः आलेख काढतात आणि नमुना बिघडला तर दुसरा करून पुन्हा लावतात. नमुने बाहेर पाठवायचो तेव्हा तो पुन्हा लावायचा मोकळेपणा नव्हता. माझ्या मते अनुदानातून शिक्षण सुधारलं असेल तर ते इथे, या पुन्हा लावण्यात.

तुम्ही नियम दाखवून अडवणारे कारकून नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. “हे बसत नाही” असं म्हणून तुम्ही फाईल कधी परत केली नाहीत. त्याच्यापुढे तुमचं दुसरं वाक्य असायचंच, “पण इथे बसेल.” मात्र जे कुठेच बसत नव्हतं त्याला तुम्ही जागाही करून दिली नाहीत. एकाच वस्तूची मागणी तुकड्यांत दाखवून निविदा टाळावी, अशी सूचना एकदा खरेदी समितीत आली. वेळ वाचेल, एवढाच हेतू होता, कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. तुम्ही केंद्र सरकारच्या वित्तीय नियमावलीतलं ते पान उघडून पुढे सरकवलंत: निविदा टाळण्यासाठी मागणीचे लहान तुकडे करू नयेत. वाद झाला नाही. चहा झाला.

तसंच मार्चचं. हप्ता जमा झाला तो नेमका वर्षअखेरीला, आणि सगळीकडे एकच घाई: ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, नाहीतर पैसे जातील. फर्निचरच्या कॅटलॉगांचा ढीग आला. तुम्ही शांतपणे सांगितलंत की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची घाई करणं हा त्याच नियमावलीत आर्थिक शिस्तीचा भंग मानला आहे. न खर्चलेली शिल्लक प्रमाणपत्रात शिल्लक म्हणूनच दाखवता येते आणि पुढे वापरायला परवानगी मागता येते. आपण तसंच केलं. पुढच्या हप्त्याला थोडा उशीर झाला, हे खरं. पण कॉलेजात ज्यांवर कुणी बसत नाही अशा खुर्च्या नाहीत.

आणि ते व्याज. अनुदानासाठी वेगळं खातं उघडायचा आग्रह तुमचाच, तेव्हा त्यावर साठलेलं व्याज स्वच्छ दिसत होतं. रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी होती. उद्घाटनाचा मंडप, पाहुण्यांची व्यवस्था, निमंत्रणपत्रिका एवढ्यात भागेल, असं बैठकीत कुणीतरी बोललं आणि मानाही डोलल्या. व्याज तर आपल्याच खात्यात पडलंय, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही उठून सांगितलंत, “पैसा सरकारचा, तर व्याजही सरकारचं. हिशेब पुरा झाला की ते परत पाठवायचं.” नियम तसा आहेच, अनुदानावर मिळालेलं व्याज सरकारी निधीत जमा करावं लागतं. पण नियम असणं वेगळं आणि तो संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसमोर, निवृत्ती तोंडावर आलेली असताना उभं राहून सांगणं वेगळं. उद्घाटन साधंच झालं. भाषणं मात्र नेहमीइतकीच लांबली, त्यावर तुमच्या नियमावलीत काही उपाय नव्हता.

कामाच्या आधीचे फोटो काढून घ्यायची गोष्टही तुमचीच. ‘भुवन’ या इस्रोच्या नकाशा-पोर्टलवर ठिकाणासह फोटो चढवावे लागत. लोकांना नव्या भिंतींचे फोटो काढायची हौस असते, पोपडे निघालेल्या भिंतींचे कोण काढतो? हातोडा पडण्यापूर्वी तुम्ही शिपायांना घेऊन एकेक कोपरा टिपलात. कंत्राटदाराचं बिल अभियंत्याच्या मोजमापाशिवाय पुढे सरकलं नाही. २०१७ मध्ये नियमावली बदलली आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा जुना १९-ए नमुना जाऊन १२-ए आला, तेव्हा आम्हाला पत्ताही नव्हता. तुम्ही नवा नमुना छापून फायलीला लावून ठेवला होता. त्या प्रमाणपत्रावर प्राचार्य सही करतात, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच लागला याची आपण खात्री करून घेतली आहे, असं लिहून देतात. त्यांना ते बिनघोर लिहून देता आलं.

जाता जाता एक आठवण. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये कायद्याचं रूप मिळालं तेव्हा अध्यक्षपदी चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद सोडून आलेले. “हिशेबाचा माणूस होता, मॅडम, म्हणून शिक्षणाचा पैसा त्याच्या हातात दिला,” असं तुम्ही अभिमानाने म्हणायचात. इतिहासकारांना ही मीमांसा मान्य होईल की नाही कोण जाणे, मला पटते.

एक खंतही लिहिते. रूसाच्या अटींमध्ये राज्यांनी अध्यापकांच्या रिकाम्या जागा भराव्यात असं होतं, आणि ते योग्यच. पण कार्यालयाच्या जागांचा विचार कोण करतो? इमारतीला पैसा मिळतो, यंत्राला मिळतो आणि त्याचा हिशेब ठेवणारा माणूस निवृत्त झाला की त्याची खुर्ची रिकामी राहते. आता तर केंद्रपुरस्कृत योजनेचा पैसा राज्यातल्या त्या योजनेच्या एकाच नोडल यंत्रणेमार्फत जातो, पीएफएमएस या सरकारी पैशाचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर देयकांची नोंद होते, सरकारी खरेदी जेम या ऑनलाइन पोर्टलवर गेली आहे. काम कमी होण्याऐवजी बारीक झालं आहे. अनुदान देताना यंत्रांची यादी तपासतात तशी कॉलेजात पूर्णवेळ लेखा कर्मचारी आहे का, हेही तपासावं, असं मी प्रत्येक बैठकीत मांडते. इतिवृत्तात ते ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत येतं.

तर भाऊसाहेब, आभार. वायरिंगचं विचारलंत त्याबद्दल, जादा दिव्यांबद्दल, मार्चमध्ये आम्हाला थोपवलंत त्याबद्दल, आणि बैठकीत उभे राहिलात त्याबद्दल तर विशेष. ज्या समन्वयकांचे फोन येतात त्यांना यापुढे मी हेच पत्र पाठवणार आहे, आणि सोबत सांगणार आहे की अनुदानाचा प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा पहिल्या दिवसापासून तुमच्या हेडक्लार्कना शेजारी बसवा, मंजुरीनंतर नव्हे.

तुमच्या जागी सध्या कंत्राटावर एक मुलगी आली आहे, वाणिज्य शाखेची, आपलीच माजी विद्यार्थिनी. हुशार आहे, प्रश्न विचारते. तुमची ती लांबट वही तिच्या टेबलावर असते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये रूसाच्या वस्तूंना तुम्ही वेगळ्या खुणा केल्या आहेत, त्यांतल्या दोन तिला उलगडत नाहीत, आणि मलाही नाहीत. मंगळवारी अकराच्या सुमारास ती तुम्हाला फोन करील. तेवढा उचला.

वहिनींना नमस्कार.

आपली,
रसायनशास्त्र विभागातल्या मॅडम