नाटक होणारच आहे, पण काळजी करू नका

प्रिय आई, बाबा,
सा.न.

काल फोनवर बाबा एकदम गप्प झाले म्हणून लिहितेय. नाटक होणार आहे. स्क्रिप्ट सेन्सॉरला दिलंय, हॉल बुक झालाय, ग्रुपमधली पोरं रोज तालमीला येतायत, आता मागे फिरणं नाही. रागावू नका ना. खाडीतल्या वाळू उपशावर आहे, कोणाचंही नाव त्यात नाही. तरी बाजारात बाबांना गाठून 'पोरीला आवरा' सांगणारे निघालेच. नाव नसताना ते आपल्यावरच आहे हे त्यांना कसं कळलं?

खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात तरी कुठे इंग्रजांचं नाव होतं, सगळी गोष्ट महाभारतातली, पण १९०७ मध्ये ते रंगमंचावर आलं आणि लोकांना कीचकात व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसायला लागला. १९१० ला सरकारने बंदी घातली. नाटकं बंद पाडायचा कायदा तर १८७६ लाच करून ठेवलेला. एवढी फौज, एवढे तुरुंग, आणि भीती तोंडाला रंग लावलेल्या नटांची! मला वाटतं भीती नटांची नसतेच, बघणाऱ्यांची असते. घरी एकटा माणूस पेपर वाचून गप्प बसतो, पण शेदोनशे माणसं एकाच वाक्याला हसली की प्रत्येकाला कळतं, अरे, ह्यालाही तेच वाटतंय. मग दुसऱ्या दिवशी दरारा कसा राहणार?

बाबा, तुम्ही दशावतारात पायपेटी वाजवायचात आणि मी तिथेच पेटीला टेकून झोपायचे, आई अंगावर शाल टाकायची. संकासुर गावातल्या भल्याभल्यांची खोड काढायचा, संवाद लिहिलेलेच नसायचे म्हणून कोणाला आधी काही खोडताही यायचं नाही. झोपेत लोकांचं हसू ऐकू यायचं. हे सगळं तुमच्याकडूनच आलंय हो माझ्यात.

आणि अडवलं तर कोर्ट आहे. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' नाटक अडवलं तेव्हा त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. आमच्याबरोबर पण वकील आहेत.

आई, तुला झोप नाही म्हणे. काकांना सांगितलंय, महिनाभर रात्री पडवीत झोपायला येतील. इन्व्हर्टरची नवी बॅटरी शुक्रवारी बसेल, पंपाचं बिल भरलंय. बाबांची बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरायची नाही, आणि सुका बांगडा बंद म्हणजे बंद. बाजारात कोणी काही बोललं तर वाद नको, माझा नंबर द्या. प्रयोगाला यायचं असेल तर एसटीने येऊ नका, गाडी पाठवते. नाही आलात तरी मी रुसणार नाही.

तुमची,
बाय