टाईट खेळायचं की लूज

आई, बाबा,

बाबा, तुम्ही म्हणता की पोकरमध्ये एकतर भारी पानं येईपर्यंत गप्प बसायचं नाहीतर बेधडक खेळायचं, बाकी सगळं नशीब. मला हे अजिबात पटत नाही, आणि फोनवर घाईत सांगण्यासारखं नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय.

किती डावांत उतरायचं हा एक प्रश्न आणि उतरल्यावर कसं खेळायचं हा दुसरा. टाईट (मोजक्याच डावांत उतरणं) की लूज (बऱ्याच डावांत उतरणं) हे पहिल्याचं उत्तर. दुसऱ्याचं उत्तर दोघांचं एकच, अ‍ॅग्रेसिव्ह खेळा, म्हणजे स्वतः बेट करा (चिप्स लावा), रेझ करा (समोरच्यापेक्षा वाढवा), नुसतं कॉल करत (समोरच्याइतकेच लावत) मागे मागे जाऊ नका. कारण कॉल करणारा फक्त पानं भारी निघाली तरच जिंकतो, बेट करणारा समोरचा घाबरून पानं टाकतो, म्हणजे डाव सोडतो, तेव्हाही जिंकतो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० चिप्स आहेत आणि तुम्ही ५० चा ब्लफ (हलक्या पानांवर बेट) टाकला तर तीनदा टाकून एकदा जरी चालला तरी नुकसान नाही, करून बघा हिशोब.

टाईट-अ‍ॅग्रेसिव्हवाला साधारण पाचातला एक डाव खेळतो. त्याची पानं मुळात चांगली असतात त्यामुळे फ्लॉपनंतर (टेबलवर पहिली तीन पानं उघडल्यावर) फारसं डोकं फोडावं लागत नाही. डॅन हॅरिंग्टन असेच, १९९५ ला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा, मेन इव्हेंट, जिंकले आणि २००३ ला ८३९ जणांतून, २००४ ला २५७६ जणांतून सलग फायनल टेबलवर पोचले, याला नुसतं नशीब कसं म्हणायचं! पण यात एक गोची आहे, एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते आणि इतका वेळ गप्प बसलेला माणूस अचानक रेझ करतो तेव्हा सगळे समजून पानं टाकतात, हाती फक्त ब्लाइंड्स, म्हणजे पानं वाटण्याआधीच दोघांना लावाव्या लागणाऱ्या थोड्या चिप्स.

लूज-अ‍ॅग्रेसिव्हवाला तीस टक्क्यांच्या आसपास डाव खेळतो, एकाच रंगाची (म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक अशी) सत्ती-छक्की घेऊनसुद्धा रेझ करतो, पण कुठेही नाही हं, जास्त करून बटनवर, म्हणजे डीलरच्या जागी, जिथे फ्लॉपनंतर सगळ्यांचं बघून शेवटी बोलता येतं. असंच खेळणारे डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ दोन्ही वर्षी मेन इव्हेंटचा शेवटचा डाव दश्शी-दुर्रीवर जिंकला. ती पानं खेळा असं मी म्हणत नाहीये, पण अशा माणसाच्या हातात काय आहे ते ओळखणार कसं? म्हणून त्याच्या चांगल्या पानांनाही लोक कॉल करतात. त्रास असा की मधली जोडी हातात, टर्नला (चौथं पान उघडल्यावर) मोठी बेट समोर, असे अवघड निर्णय त्याला सारखे घ्यावे लागतात, आणि टेबलवर कधीच फोल्ड न करणारा (पानं न टाकणारा) कोणी असला की ब्लफ पाण्यात.

बाबा, तुम्ही पानं निवडता छान पण मग नुसतं कॉल करता, तेवढं सोडा आणि रेझ करा, टाईट-अ‍ॅग्रेसिव्ह तुम्हाला मस्त जमेल. आई, तुला समोरचा कधी कचरतोय ते बरोबर कळतं, तू लूज खेळून बघ, मला मनापासून वाटतं तुझा खेळ तोच आहे. फक्त आधी बटनवरूनच, आणि बाबा कॉल करायचे थांबत नाहीत तोवर त्यांच्यावर ब्लफ टाकू नकोस.

तुमची लेक